बेण्याला लागलेला हिवाळा

त्या वर्षी जून संपायच्या आत उलिताच्या सगळ्या वाफ्यांतल्या सगळ्या कांद्यांना डेंगळे आले. एकाही पातीखाली कांदा म्हणावा असा कांदा धरला नाही. कमरेएवढ्या दांड्यांवर पांढरे गोल गेंद डोलत राहिले, मधमाश्या आल्या, आणि शहरातून सायकलवर आलेल्या एका जोडप्यानं कुंपणाला टेकून फोटो काढले.

हे झालं नाही. गावानं तसं ठरवलं आहे, तेव्हा आपणही तसंच धरू. किप्रियानबुवांनी प्रार्थनाघराच्या पायरीवरून सांगितलं की यंदा उलिताकडे पाहण्यासारखं काही नाही, आणि लोकांनी लगेच कुंपणापाशी जाऊन ते न पाहण्यासारखं नीट पाहून घेतलं. म्हणून सुरुवात आदल्या ऑक्टोबरपासून करावी. ऑक्टोबरात सगळं ठीक होतं आणि उलिता सगळ्यांना नावं ठेवत होती.

पेइप्सी तळ्यावरून नऊ दिवस पाऊस येत होता. उलिता दारामागच्या बाकावर बसून माळा विणत होती. भिजवलेल्या काडाची दोरी डाव्या मांडीखाली दाबायची, खाली मोठा कांदा, वर लहान, प्रत्येकाची वाळकी पात दोरीला दोन वेढे देऊन आवळायची. आवळताना काडाची कड अंगठ्याच्या भेगेत जायची. त्या भेगा तिला सातव्या वर्षी पडल्या होत्या, आता ती एकाहत्तरची होती, आणि मधल्या काळात त्यांनी कधी मिटायचं मनावर घेतलं नव्हतं.

समोरची मार्फा नायलॉनच्या दोरीवर कांदे ओवायची. उलिताचं म्हणणं असं की नायलॉनवर कांदा टांगू नये, फार तर मार्फाला टांगावं. पलीकडच्या घरात कांदे जाळीच्या पिशवीत ठेवत. त्या घराकडे ती बघतच नसे. आणि शहरातली माणसं कांदा फ्रिजमध्ये ठेवतात असं तिनं ऐकलं होतं, पण माणसाबद्दल इतकं वाईट ऐकलेलं लगेच खरं मानू नये, एवढी माणुसकी तिच्यात होती.

खायचे कांदे माळांवर, भिंतीभर. बेण्याचे वेगळे. अंगठ्याच्या पेराएवढे, तांबूस, चपटे गोटकांदे लाकडी तबकांत पसरून चुलीच्या पाठीमागच्या फळ्यांवर ठेवायचे ते मे महिन्यातच उतरवायचे. हे बेणं तिच्या आजीच्या सासूपासून चालत आलेलं. दरसाल त्यातूनच कांदा आणि त्यातूनच पुढचं बेणं. गावात बाकीच्यांकडे जे होतं त्याला उलिता कांद्याच्या जातीची भाजी म्हणायची.

आता ही चूल. विटांची, छताला टेकलेली, खोलीएवढी. बापानं, म्हणजे कुझ्मानं, मरताना घर दोन पोरांत वाटलं. पूर्वेकडचं अर्धं सावेलीला, पश्चिमेकडचं उलिताला. भिंत घातली, दारं वेगळी केली, पायखाने वेगळे केले. चूल काही वेगळी करता आली नाही. तिचं तोंड भावाकडे राहिलं आणि पाठ बहिणीकडे. लाकडं तो घालणार, ऊब दोघांना. म्हणून कुझ्मानं कागदात एक कलम घालून ठेवलं होतं: पश्चिमेकडच्या अर्ध्यात मुलगी राहत असेल तोवर ऑक्टोबरच्या सणापासून ईस्टरपर्यंत मुलानं रोज एकदा चूल पेटवावी. त्याखाली दोघांच्या सह्या होत्या. उलिताची सही अशी होती की जणू कागदानंच तिची माफी मागितली आहे.

सावेली बारा वर्षं फिनलंडात इमारतींच्या परांच्या बांधून परत आला होता. बायको तिकडेच राहिली. तिच्याऐवजी तो एक गुडघा बिघडवून आणि भिंतीवर लावायचं गरम हवेचं यंत्र घेऊन आला. त्याला चुलीची गरज नव्हती. तरी रोज पहाटे तो लाकडं घालायचा, आणि आठवड्यातून एकदा पलीकडून येऊन बहिणीसमोर चहाला बसायचा.

त्या दिवशीही बसला. उलितानं त्याच्यासमोर निळ्या फुलाचा पत्र्याचा कप ठेवला. जुन्या पंथाच्या प्रत्येक घरात असा एक कप वेगळ्या फळीवर असतो, पंथाबाहेरच्या, विटाळ मानलेल्या माणसासाठी. विजेचा मीटर वाचायला येणारा माणूस याच कपातून प्यायचा.

"ताई, बुवांनी मला पंगतीत घेतलंय," सावेली म्हणाला. "सहा आठवडे दंडवत घातले. या गुडघ्यानं."

"घेतलं असेल. बुवांना हल्ली कमी दिसतं."

"दोन वर्षं झाली त्याला."

"मग दोन वर्षांपासून कमी दिसतं."

सावेलीनं साखरेचा खडा दातात धरला आणि वरच्या फळीकडे बघितलं. तिथे बापाचा कप होता, चिनी मातीचा, कान तुटलेला. उलितानं त्याची नजर पाहिली आणि विणत राहिली.

"सतरा देशांच्या लोकांबरोबर एका पातेल्यातून जेवलास तू," ती म्हणाली. "त्यात कांदा तरी होता का?"

"होता. पांढरा. जाळीत यायचा."

"देवा," उलिता म्हणाली, आणि तो विषय तिच्यापुरता संपला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटची माळ टांगायला ती स्टुलावर चढली. स्टूल मजबूत होतं. खुबा नव्हता. ती पडली तेव्हा माळ तिच्या अंगावर आली आणि काही कांदे पलंगाखाली गेले. धडपड ऐकून सावेली पलीकडून धावत आला.

"जपून," उलिता जमिनीवरून म्हणाली. "टाचेखाली कांदा आहे."

"ताई, तुझा पाय उलटा झालाय."

"पायाचं डॉक्टर बघतील. तू बेण्याचं बघ."

"बघतो."

"नीट बघ."

"नीट बघतो, म्हटलं ना."

सावेली दिल्या शब्दाचा पक्का होता. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

शहरातल्या इस्पितळात उलिताच्या खुब्यात धातूचा तुकडा बसवला आणि चालायला शिकवायला तिला आठ आठवडे ठेवून घेतलं. तिथे रोज सूप मिळायचं. त्यातला कांदा पिशवीतून गोठलेला, चौकोनी कापलेला यायचा. उलिता ते चौकोन चमच्यानं ताटलीच्या कडेला लावून ठेवायची, म्हणजे स्वयंपाक्याला कळावं. शेजारच्या खाटेवर हेल्यू नावाची निवृत्त शिक्षिका होती. तिनं प्रेमानं सांगितलं की ती स्वतः कांदा फ्रिजमध्येच ठेवते, चांगला टिकतो. उलितानं भिंतीकडे तोंड फिरवलं. नव्या खुब्यानं फिरवायला बराच वेळ लागला, आणि तेवढा सगळा वेळ हेल्यू तिला फ्रिजबद्दल सांगत होती.

जानेवारीत गाडीनं तिला दारात सोडलं. तळं गोठून पांढरं पडलं होतं. दारातला बर्फ झाडलेला होता, ओट्यावर राख टाकलेली होती. उलिता कुबड्या टेकत आत आली. भिंतीवरच्या माळा जागच्या जागी होत्या. तिनं पहिल्यांदा चुलीच्या पाठीला हात लावला. चूल थंड होती. नुसती विझलेली नव्हे, पार आतपर्यंत थंड. मागच्या फळ्या रिकाम्या होत्या.

"काळजी करू नको," मागून सावेली म्हणाला. त्यानं नवा सदरा घातला होता. "ये, दाखवतो."

त्यानं तिला धरून बाहेरच्या पडवीत नेलं. तिथे तबकं एकावर एक रचलेली होती, मध्ये लाकडाचे ठोकळे घालून, हवा खेळावी म्हणून. वर खिळ्याला थर्मामीटर टांगलेला होता.

"फोनमध्ये वाचलं. कांदा दोन ते चार अंशांत सगळ्यात चांगला टिकतो. रोज दोनदा येऊन बघायचो. पाऱ्यानं खाली जायचं नाव काढलं की घोंगडी टाकायचो. एक नाही सडला, ताई. एक सुद्धा."

उलितानं एक गोटकांदा उचलला. टणक होता, चकचकीत होता. पापुद्रा फुटलेला नव्हता, कोंब नव्हता. जन्मात इतकं देखणं बेणं तिनं पाहिलं नव्हतं.

"कधीपासून इथे आहे?"

"तू गेल्याच्या तिसऱ्या दिवसापासून. कागदात कसं आहे, तू राहत असशील तोवर चूल. तू राहत नव्हतीस. पण मी बेणं वाऱ्यावर नाही सोडलं."

खायचा कांदा थंडीत ठेवावा, हे बरोबर. बेण्याला थंडी लागता कामा नये. त्याला सबंध हिवाळा चुलीमागे असा काढायचा असतो की हिवाळा आला होता हे त्याला कळूच नये. थंडी लागली की बेणं समजतं, एक हिवाळा गेला, आपण मोठे झालो. मग वाफ्यात लावलं की ते कांदा धरत नाही, फूल काढतं. माणसाला मोठं व्हायला चाळीस वर्षं पुरत नाहीत. गोटकांदा आठ आठवड्यांत होतो. आणि बाहेरून काही दिसत नाही. दिसतं ते जूनमध्ये.

हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. पुरुषांना नव्हतं. इथे मासा पुरुषांचा आणि कांदा बायकांचा. सावेलीनं जन्मात तबकाला हात लावला नव्हता. आणि त्याला समजावून सांगावं असं उलिताला कधी वाटलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं, आणि मग त्याला मूर्ख म्हणायची सोय राहिली नसती.

"काय झालं?" सावेलीनं विचारलं.

"काही नाही. फार सुंदर ठेवलंस."

तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्याचं कौतुक केलं होतं. तो घाबरला.

किप्रियानबुवा दुसऱ्या दिवशी काठी टेकत आले. ब्याऐंशी वर्षांचे, प्रार्थनाघरात पोथी वाचणारे, बायको गेल्यापासून स्वतःचे वाफे स्वतः करणारे, म्हणून दोन्ही बाजूंचं कळणारे एकटेच. त्यांनी एक गोटकांदा उभा चिरला, नाकाशी धरला, उजेडात फिरवला.

"लागला हिवाळा," ते म्हणाले.

"ते मलाही माहितेय. पुढे काय?"

"कडक उबेत पंधरा दिवस ठेव. विसरतं कधीकधी."

"कधीकधी म्हणजे?"

"माझ्या आईचं एकदा विसरलं होतं."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दोनदा नव्हतं विसरलं." बुवांनी कांद्याच्या फोडी जपून टोपीत ठेवल्या, संध्याकाळच्या माशाला होणार होत्या. "नाहीतर माझ्याकडचं घे दोन तबकं."

"तुमचा कांदा पाण्याचा, बुवा. चिरताना डोळ्यांना पाणी येत नाही, कांद्यालाच येतं."

"बरं," बुवा म्हणाले. साठ वर्षं ते हेच ऐकत होते.

कडक ऊब म्हणजे चूल दिवसातून तीनदा पेटवायला हवी. कागदात रोज एकदा होतं. विजेचा हीटर तिनं पूर्वी एका हिवाळ्यात लावून पाहिला होता. जवळचे कांदे चुरमुरे झाले आणि लांबच्यांना पत्ताही लागला नाही. तेव्हा सावेलीला सांगणं भाग होतं. तिनं त्याला बोलावलं आणि बेण्याचं काय झालं ते सगळं सांगितलं, मूर्ख हा शब्द न वापरता. त्यामुळे सांगायला फार वेळ लागला.

सावेलीनं दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले.

"मला वाटलं, तू खूश होशील," तो म्हणाला.

"पंधरा दिवस. तीनदा. मोठी लाकडं."

"पेटवतो. मागायचं काही नाही माझं." मग तो वर न बघता म्हणाला, "पण चहा दे."

त्यानं नुसता चहा मागितला होता. कोणत्या कपात ते मागितलं नव्हतं. उलिता उठली. हात आधी निळ्या फुलाच्या कपाकडे गेला. तिथे थोडा थांबला. मग तिनं कुबडी काखेत दाबली, टाचा उचलल्या, नव्या खुब्यात सुई गेल्यासारखी कळ आली, आणि वरच्या फळीवरचा बापाचा कान तुटका कप तिनं खाली काढला. पुसला. भरला. असा ठेवला की अर्धा चहा बशीत सांडला.

सावेलीनं कप दोन्ही हातांत धरला आणि पीतच ना.

"चहा आहे," उलिता म्हणाली. "तीर्थ नाही. गार होतोय."

त्या दिवसापासून सावेलीनं जी चूल पेटवली, तशी कुझ्माच्या काळातही पेटली नव्हती. पहाटे बर्च, दुपारी बर्च, संध्याकाळी पुन्हा बर्च. मोजून तीनदा घालायची होती, पण कृतज्ञ माणसाचं मोजमाप चुकतं. तो येता-जाता एकेक ओंडका आत ढकलायचा. मग फिनलंडहून आणलेल्या परांचीच्या फळ्या घातल्या. उलिता पलीकडून भिंतीवर कुबडी आपटायची, तो समजायचा आणखी हवं.

नवव्या दिवशी दुपारी चुलीच्या पाठीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. उलिता तेव्हा खालची तबकं चुलीपासून जरा लांब उचलायला बुवांकडे ठोकळा मागायला गेली होती. परत येताना मार्फाच्या दारापाशीच तिला वास आला. गोड, जड, किंचित करपलेला. अख्ख्या रस्त्यावर पसरला होता. लोक दारात येऊन उभे होते, काहींच्या हातात आधीच पाव होता.

खालच्या निम्म्या फळ्यांवरचं बेणं भाजून निघालं होतं. गोटकांदे सालीतच मऊ झाले होते, दाबलं की मधासारखा रस यायचा. सावेली तबक हातात घेऊन उभा होता, भुवया जळालेल्या.

"वरचे चांगले आहेत, ताई. वरच्यांना नुसती ऊब लागलीय."

उलितानं बाही वर सारली. चार पिढ्यांचं बेणं असलं तरी भाजल्यावर ते अन्न असतं, आणि अन्न टाकत नाहीत. ती बसून एकेक साल सोलू लागली, बोटं पोळत होती. गर दाबून काढला, त्यात मीठ, दही आणि तळ्यातले वाळवलेले बारीक मासे कुस्करून घातले, राय धान्याच्या पिठाच्या पाऱ्या लाटल्या आणि भरल्या. चीर गेलेल्या चुलीचं तोंड सावेलीकडे, म्हणून कढई-तवा, परात घेऊन ती त्याच्या अर्ध्यात गेली, वाटणीनंतर पहिल्यांदा. यंत्राकडे तिनं पाठ केली.

गावानं दोन दिवस खाल्लं. मार्फा म्हणाली, असं सारण जन्मात खाल्लं नाही. उलिता म्हणाली, नायलॉनचा वास नाही ना त्याला, म्हणून. बुवांनी दात नसल्यामुळे सारणच तेवढं खाल्लं आणि पाऱ्या टोपीत ठेवल्या. सावेलीनं चार खाल्ल्या.

"खा," उलिता त्याला म्हणाली. "बेणं खाणारा माणूस बघायचा राहिला होता."

मग सगळे गेल्यावर तिनं एक भाजका गोटकांदा नुसत्या मिठाशी खाल्ला. चव बापाच्या वेळच्या कांद्याचीच होती. नावं ठेवायला जागा नव्हती, आणि त्याचंच तिला सगळ्यात वाईट वाटलं.

मे महिन्यात वरच्या फळ्यांवरचं उरलेलं बेणं लावलं. इथे वाफे गुडघ्याएवढे उंच घालतात, खालच्या काळ्या मातीत पाणी फार. सावेलीनं फावड्यानं वाफे ओढले, बिघडलेला पाय मागे ओढत. उलिताला गुडघे टेकता येत नव्हते. ती दोन वाफ्यांच्या मधल्या चरात पोत्यावर कुशीवर झोपायची आणि आडव्यानंच वाफ्यात बोट खुपसून गोटकांदा बसवायची. हात पुरेल तेवढं झालं की सावेली पोतं धरून तिला पुढे ओढायचा. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे.

"काय बघता?" उलिता चरातून म्हणायची. "मेली नाही. लागवड चाललीय."

जूनचं काय ते वर ठरलं आहे.

लोकांना वाटलं, ती डेंगळे उपटून टाकेल. तिनं एकही उपटला नाही. सावेलीनं आडवे होणाऱ्या दांड्यांना काठ्या दिल्या. बुवा आले, कुंपणाबाहेरच उभे राहिले.

"बी धरेल," ते म्हणाले. "जात जात नाही. बी पेर, त्याचे गोटकांदे कर, ते पुन्हा लाव. दोन वर्षांनी कांदा हाती येईल."

"दोन वर्षं," उलिता म्हणाली.

बुवांनी तिच्या खुब्याकडे बघितलं, मग स्वतःच्या काठीकडे. "तोवर माझ्याकडचा खा."

"पाण्याचा."

"पाण्याचाच."

त्या दिवशी दुपारी उलितानं सावेलीला टेबलाशी बसवलं. सरकारी भाषा त्याला येत होती, तिला येत असून ती बोलत नसे. त्याच्यासमोर बापाचा कप ठेवला, आणि कागद.

"लिही. माझा भाऊ मूर्ख आहे."

"असं अर्जात चालत नाही."

"मग काय चालतं?"

"सहअर्जदार."

"तेच लिही. अर्थ त्यांना कळेल."

सावेलीनं चष्मा पुसला. ती सांगत गेली, तो सरकारी करत गेला. मध्ये दोनदा वाद झाला, एकदा त्याला रडू आलं, तेव्हा तिनं त्याला कागद भिजवू नको म्हणून बजावलं. शेवटी खाली दोघांच्या सह्या झाल्या. अर्ज असा होता:

*प्रति, ग्रामक्षेत्र कार्यालय. विषय: हिवाळा रद्द करण्याबाबत.*

*महोदय, उपरोक्त विषयी कळविण्यात येते की नोव्हेंबर ते जानेवारी या काळात आमच्या घराच्या पश्चिमेकडील अर्ध्या भागात सहअर्जदाराच्या सद्हेतूमुळे हिवाळा शिरला, व तो अर्जदाराच्या मालकीच्या बेण्यास लागला. सदर बेणे त्यामुळे स्वतःस प्रौढ समजत असून समजावण्याचे सर्व उपाय करून झाले आहेत. तरी सदर हिवाळा, केवळ पश्चिमेकडील अर्ध्या भागापुरता, पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करण्यात यावा. बियांपासून बेणे पुन्हा उभे करण्यास दोन वर्षे लागतात, ही बाब अर्जदारास ज्ञात आहे. अर्जदाराचे वय एकाहत्तर असून खुब्याविषयी डॉक्टरांनी लेखी काही दिलेले नाही. सबब, हिवाळा रद्द करणे नियमांत बसत नसल्यास, अर्जदारास दोन वर्षांची मुदतवाढ मिळावी, ही विनंती.*